शॉक बसल्यावर धडधड: आजच ईसीजी काढा

तुम्ही लिहिलंय, काल वायर जोडताना उजव्या हाताला शॉक बसला, डावा हात लोखंडी चौकटीवर होता, क्षणभर शुद्ध गेली आणि रात्रीपासून मधूनच ठोका चुकतोय. दवाखान्यात बोटाला मलम लावून घरी पाठवलं. वाचून पोटात गोळा आला, कारण माझंही नेमकं असंच झालं होतं.

मी डॉक्टर नाही. तरी शुद्ध गेली होती म्हणताय, तर पुढचं नंतर वाचा, आधी हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवणाऱ्या मॉनिटरची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

माझी चूक अशी की मी फक्त बोट दाखवलं. केस पेपरवर 'बोट भाजले' एवढंच लिहिलं गेलं, ईसीजी निघालाच नाही. चार दिवसांनी छातीत फडफड सुरू झाली, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय, निघालं. हे शॉकमुळे झालं की आधीपासून होतं, ते आजवर कुणी ठामपणे सांगू शकलेलं नाही, कारण त्या दिवशीचा आलेखच नाही. भरपाईच्या कार्यालयात तर दर खेपेला एकच उत्तर, 'कागदावर विजेचा उल्लेख नाही'. सात महिने हेलपाटे घातले. अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून सांगतो, वीज कुठून शिरली, दुसरा हात कुठे होता, शुद्ध किती वेळ गेली, हे सगळं लिहून घ्या. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह छातीतूनच जातो. चट्टा लहान आहे म्हणून आत काही झालं नसेल असं धरू नका. 'घरगुतीच व्होल्टेज होतं' हा दिलासाही खोटा. घरातल्या एसी (प्रत्यावर्ती) प्रवाहाचे ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तरी व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरून रक्त ढकलणं थांबणं, होऊ शकतं.

घाबरवत नाहीये. जीवघेणी लय बहुधा त्याच क्षणी बिघडते. घरगुती व्होल्टेज, शुद्ध गेलेली नाही, तक्रार नाही आणि ईसीजी नॉर्मल, अशांना सहसा घरी सोडतात. तुम्ही त्यात बसत नाही. शुद्ध गेली असेल किंवा ईसीजी बिघडलेला असेल तर साधारण २४ तास मॉनिटरवर ठेवतात. रक्ततपासणीत सीके-एमबी (स्नायूंमधलं एक एन्झाइम) वाढलेलं दिसलं तर लगेच हार्ट अटॅक समजू नका, स्नायूंना इजा झाली तरी ते वाढतं, ट्रोपोनिनबद्दल (हृदयाच्या इजेची जास्त नेमकी रक्ततपासणी) विचारा. लघवी गडद तपकिरी झाली तर तेही सांगा.

आणखी एक, ३० मिलिअँपिअरचा लीकेज ब्रेकर (जमिनीकडे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असला तरी फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत आले तर तो पडेलच असं नाही. मेन बंद करूनच वायरीला हात लावा.

ईसीजीची प्रत मागून घ्या, लगेच फोटोही काढा. थर्मल कागदावरची (उष्णतेने छापलेली) रेघ काळानुसार पुसट होते.