‘थोडंफार येतं’ म्हणणं आधी सोड

प्रिय ताई,
सात वर्षं नाटकात काम करतेय, गाणंही शिकलेय. तालमीत सगळे कौतुक करतात. पण ऑडिशनला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की ‘गाते थोडंफार’ एवढंच तोंडातून निघतं, आणि पुढे आवाजच फुटत नाही. कमी तयारीच्या मुली बिनधास्त बोलून निवडल्या जातात. मला स्वतःची टिमकी वाजवता येत नाही. काय करू?
– संकोची

प्रिय संकोची,
टिमकी वाजवूच नकोस. पण ‘सात वर्षं नाटकात काम करतेय’ ही बढाई कुठे आहे गं? ती माहिती आहे. तुझ्या तालमी परीक्षकांनी पाहिलेल्या नसतात. तू ‘थोडंफार’ म्हणालीस की ते तेवढंच खरं धरतात.

ओळखही संहितेसारखी पाठ कर. नाव, काय करतेस, किती वर्षं, आज काय सादर करणार, बस्स. उभं राहून, मोठ्याने, तोंडात बसेपर्यंत म्हण. जे येत नाही ते येतं म्हणू नकोस. ‘आत्ताच करून दाखवा’ म्हणाले तर पंचाईत होते. ओळख संपली की एक पूर्ण श्वास घे, मगच सुरू कर. घाई नेमकी इथेच होते आणि स्वगताचं पहिलं वाक्य वाया जातं. ‘घसा बसलाय’, ‘तयारीला वेळच मिळाला नाही’ हे तर अजिबात नको. ते ऐकलं की समोरचे उणिवाच शोधू लागतात.

स्वगत म्हणताना परीक्षकांच्या डोळ्यांत बघू नकोस. त्यांना टिपणं काढायची असतात. तुझ्यासमोरचं पात्र त्यांच्या डोक्याच्या किंचित वर उभं आहे असं समज. कॅमेरा असेल तर ओळख थेट लेन्समध्ये बघून, प्रसंग मात्र लेन्सच्या जरा बाजूला बघून. वेगळं सांगितलं तर तसं.

‘हेच आता हसत करून दाखवा’ म्हणाले तर आधीचं फसलं असं मनात आणू नकोस. बहुधा त्यांना तुझ्यात काहीतरी दिसलंय आणि तू सूचना कशी घेतेस ते बघायचंय.

छातीत धडधडणारच. ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ असं मोठ्याने म्हणणारे ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस गायले. म्हणून धडधड दाबत बसू नकोस, तिला उत्साह म्हण.

आणि त्या मुली बोलण्यामुळेच निवडल्या गेल्या, हे तुला कोणी सांगितलं? सहकलाकाराशी उंची जुळणं, वय, आवाजाची पट्टी यांवरही निवड ठरते, आणि त्यात तुझा काहीच दोष नसतो. तेव्हा निकालावरून स्वतःची किंमत करणं थांबव, मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

पुढच्या ऑडिशनआधी तालमीतल्या दोघांना टेबलामागे बसव, चेहरे निर्विकार ठेवायला सांग, आणि दारातून आत येण्यापासून ‘धन्यवाद’ म्हणून बाहेर पडेपर्यंत सगळं न थांबता कर. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेव. बघताना फक्त पहिल्या मिनिटाकडे लक्ष दे. पुढचं तुला येतंच.
– तुझी ताई