एक गोल, तीन गुण

प्रश्न : सर, भाच्याच्या नादाने मी आईस हॉकी बघू लागले. तो टोरांटोला असतो. गोल एकच होतो, फलकावर एकच चढतो, पण गुण मिळतात तिघांना! वर्गात मी असा हिशेब केला असता तर तुम्ही पट्टी काढली असतीत.
– तुमची जुनी विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : पट्टी अजून कपाटात आहे गो! पण बेरीज चुकलेली नाही, वह्याच दोन आहेत. फलकावर फक्त गोल. खेळाडूच्या खात्यात मात्र गोल मारणाऱ्याला एक गुण आणि त्याआधी चकती (या खेळात चेंडूऐवजी तीच) पुढे सरकवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना एकेक; त्याला सहाय्य म्हणतात. आमच्याकडे बांगड्याचं हुमण ही करते, खोबरं सून खोवते आणि म्हापशाच्या बाजारातून बांगडे मी आणतो. माझा गुण कोणी मांडत नाही, ही गोष्ट वेगळी.

कॅनडाचा आईस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की, त्याचं खातं बघ. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आईस हॉकी लीगच्या साखळी सामन्यांत 894 गोल, 1963 सहाय्ये, एकूण 2857. आता गोल सगळे पुसून टाक. तरी एकूण गुणांत तोच पहिला, कारण दुसऱ्या क्रमांकाचा यारोमीर यागर गोल धरूनही 1921 वर थांबतो. हीच वजाबाकी नातवाला घातली, तर म्हणाला, "आजोबा, मग त्याने गोल मारले कशाला?" गुण पूर्ण दिले.

आणि हो, ती रबरी चकती 3 इंच रुंद, 1 इंच जाड. उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. भाच्याने भेट पाठवली तर फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्यांजवळ ठेवू नकोस. माझ्यासारखा चष्मा विसरणारा पाहुणा येऊ शकतो.