हुकूम कोणाचा राहणार, ते आधी विचार

बेटा,

परवा रामबागेत म्हणालास ना, "काका, एवढी मोठमोठी राष्ट्रं भांडतायत तर एकाच्या गोटात जाऊन बसावं, निदान संरक्षण तरी मिळेल." मी तेव्हा गप्प बसलो, घरी आल्यावर झोप लागेना.

तू रोज इंदूरच्या रेसिडेन्सी एरियातून क्लासला जातोस, ते नाव कुठून आलं कधी विचार केलास? 1802 ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांना हरवलं (हो, आपलेच होळकर, घरचंच भांडण, झाकून काय करायचं), दुसरा बाजीराव पेशवा पळाला आणि 31 डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसला. सहा हजार फौज त्यांची, तिच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख आपला आणि बाहेर कोणाशी बोलायचं तर त्यांना विचारून. गादी मिळाली रे, हुकूम गेला. 1818 ला गादी पण गेली. त्याच वर्षी जानेवारीत, होळकर महिदपूरची लढाई इंग्रजांशी हरल्यावर, मंदसोरचा तह झाला आणि आपल्याकडे रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा इंग्रजांचा माणूस, आला, महूची छावणी पण तेव्हाचीच. फौज उसनी घेतली की हुकूम पण उसना येतो, कितीदा सांगू!

आता म्हणशील, 1971 ला रशियाशी करार केलाच की. केला, पण तळ नाही दिला त्यांना. आणि 1965-66 ला गहू अमेरिकेचा खात होतो तेव्हा व्हिएतनामवर आपण काय बोलतो यावर त्यांची नजर, गहू पण थोडा थोडा सोडायचे. घ्यायचं तर चार दुकानांतून घ्यावं, पुढचं घरी पिकवावं. हुकूम आपला.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. सांवेर रोडच्या शेडमध्ये एका मोठ्या पार्टीनं लेथ दिलं, ॲडव्हान्स दिला, मी खूष. तीन वर्षांत बाकीची गिऱ्हाईकं तुटली आणि रेट ते ठरवायला लागले, मी मान हलवायचो. सगळं फेडून सुटायला सात वर्षं गेली. नंतर पार्टनरशिपची ऑफर आली ती मी सरळ नाकारली, मुलगा अजून म्हणतो बाबांमुळे धंदा लहान राहिला. राहिला असेल. पण शेडला कुलूप कधी लावायचं ते मीच ठरवतो, आणि तो हे समजून का घेत नाही कोण जाणे.

असो. रविवारी ये, पोहे खाऊ. येताना मंदसोरच्या तहाची कलमं वाचून ये, नुसते व्हिडिओ बघून वाद घालू नकोस.

तुझा काका