मोबाईल टाकू नकोस, चार्जर हलव

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आला, त्यात लिहिलंयस की झोप लागत नाही, दिवसभर डोकं जड असतं, लेक्चरला काही शिरत नाही, मग मोबाईल टाकूनच देऊ का. नको रे. वर्गाचा ग्रुप, मेसचे पैसे, घरचा फोन सगळं त्याच्यावरच, टाकशील आणि चार दिवसांनी परत हातात घेशील, वर स्वतःलाच शिव्या घालशील.

मला विचारशील तर तुझा प्रॉब्लेम रात्रीचा नाहीच, दिवसाचा आहे. सकाळी प्रॅक्टिकल, मग लेक्चर, मग जर्नल, सबमिशन, कुणाची तरी चेकिंग. रात्री अकराला कुठे पहिल्यांदा वेळ तुझा स्वतःचा होतो, मग तो झोपेत घालवावासा कसा वाटेल? म्हणून संध्याकाळी तासभर तरी स्वतःचा काढ, ग्राउंडवर जा, टपरीवर बस, काहीही कर. नाहीतर तो तास तू रात्री वसूल करणारच.

आणि ते ब्लू लाईट ब्लू लाईट सगळे करतात ना, ते खोटं नाही, निळसर उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाली हे सांगणारं हार्मोन, उशिरा सुटतं हे खरंय. पण नाईट मोड लावला की काम झालं असं समजून पोरं दोन तास रील्स बघतात, त्याला काय अर्थ? मोठी गोची ही की ते संपतच नाही. २००६ साली आझा रास्किन नावाच्या डिझायनरने ते न संपणारं स्क्रोलिंग बनवलं, नंतर त्यानेच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. पानाचं टोकच काढून टाकल्यावर थांबायचं कुठे! त्यात तुमच्या वयात शरीराचं घड्याळ मुळातच मागे सरकलेलं असतं, दहाला डोळे मिटत नाहीत म्हणजे तू आळशी आहेस असं नाही, घरचे काहीही म्हणोत.

आता काय करायचं. तुझा चार्जिंग पॉइंट उशाशीच आहे ना, एक एक्स्टेन्शन बोर्ड घे आणि चार्जर दारापाशी ने, रूममेट हसेल, हसू दे. गजराला साधं घड्याळ घे, नाहीतर "अलार्मसाठी लागतो" म्हणून फोन परत उशाखाली येतोच. झोपायची वेळ पाळायच्या मागे लागू नकोस, उठायची पाळ, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर थोडा वेळ गॅलरीत उन्हात उभा राहा कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावरच लागतं. रविवारी बारापर्यंत लोळलास की सोमवारची वाट लागलीच म्हणून समज. चहा चारनंतर बंद, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात, रात्री नऊचं कटिंग दोन वाजता पण तुझ्यासोबत जागं असतं. आणि वीस-एक मिनिटं झाली तरी झोप नाही आली तर पलंगावरून उठ, खुर्चीत बसून काहीतरी कंटाळवाणं वाच, डोळे जड झाले की परत ये. पलंगावर पडून तळमळत राहिलं की पलंग म्हणजे तळमळ अशी डोक्याला सवय लागते. पहिले काही दिवस जास्तच वाईट जातील, तेवढं सोस.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचायचं खूळ पण सोड, वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच.

एक मात्र नीट वाच. मेसेजमध्ये तू ओझरतं लिहिलंयस की क्रिकेट पण खेळावंसं वाटत नाही आणि जेवण जात नाही. हे दोन आठवडे रोजचंच असेल तर विषय मोबाईलचा नाही, कधी कधी मन खचलेलं असतं म्हणूनच माणूस रात्रभर फोनला चिकटून बसतो. तेव्हा चार्जर हलवून भागणार नाही, कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा, नाहीतर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि जगूच नये असा विचार नुसता चाटून जरी गेला तरी त्याच रात्री मला उठव, कितीही वाजलेले असोत. घरी सांगायला जड जात असेल तर आईशी मी बोलेन, पण तुला विचारल्याशिवाय नाही. तेवढं हो की नाही कळव.

तुझा,
सर