घरी फ्रोझन ब्लडी मेरी कशी करावी? ब्लेंडरमध्ये बर्फ घातला की पाणचट होते

बर्फ घालूच नका. ब्लडी मेरी म्हणजे वोडका आणि टोमॅटोच्या रसाचं तिखट-आंबट पेय, तेव्हा टोमॅटोच्या रसाचेच खडे करा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे. पण रविवारी ब्रंचला आठजण येणार, "त्यातले दोघे शाकाहारी आहेत, पण पेयात काय फरक पडणार", असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलो. फरक पडतो.

आधी बर्फाचं सांगतो. एका ग्लासला 60 मिली वोडका आणि 180 मिली रस धरा. 40 टक्क्यांच्या वोडकात 24 मिली अल्कोहोल, म्हणजे मिश्रणात 10 टक्के. त्यात दीडशे ग्रॅम बर्फ टाकला की ते 6 टक्क्यांवर येतं, आणि मीठ, आंबट, तिखट सगळंच त्या प्रमाणात उतरतं. मार्गारिटाला (टकिला आणि लिंबाच्या कॉकटेलला) बर्फ चालतो, कारण तिच्यात साखर भरपूर असते आणि साखरेमुळे बर्फाचे कण बारीक राहतात. टोमॅटोच्या रसात साखर अगदी थोडी. म्हणून पाच मिनिटांत खडे वर आणि फिकट गुलाबी पाणी खाली.

माझे साडू हे मानत नाहीत. आम्ही अमेरिकेत मिलवॉकीला, ते शिकागोजवळ. मिलवॉकीत ब्लडी मेरी हा जिव्हाळ्याचा विषय आहे. इथे ती मागवली की सोबत छोटा बिअरचा ग्लास येतो, त्याला 'स्निट' म्हणतात, आणि काडीला चीज, लोणच्याची काकडी, सॉसेज असं काय काय खोचलेलं असतं. काही वर्षांपूर्वी जुलैत सगळे आमच्याकडे जमले होते. सासूबाई पुण्याहून आलेल्या. उकाडा भयंकर, म्हणून फ्रोझन करायचं ठरलं. मी आदल्या रात्री रसाचे ट्रे भरून ठेवले होते. सकाळी उठून बघतो तर साडूंनी कच्चे टोमॅटो, बर्फ आणि वूस्टरशर सॉस एकत्र फिरवून मोठा जग भरूनही ठेवला होता. "फ्रोझन म्हणजे बर्फ घालायचाच. तू उगाच इंजिनिअरिंग करतोस."

त्यातूनच वोडका न घालता एक ग्लास त्यांनी सासूबाईंना दिला. त्यांनी चव घेऊन "गार साराच्या जवळपास आहे" म्हटलं आणि अर्धा ग्लास संपवला. तेवढ्यात ओट्यावरची वूस्टरशरची बाटली माझ्या हातात आली. लेबलवर अँचोव्ही लिहिलेलं. अँचोव्ही म्हणजे छोटे मासे, मीठ लावून मुरवलेले. सासूबाईंनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही.

मी लगेच सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला, आत जाऊन चूळ भरली आणि येऊन बायकोला म्हणाल्या, "मला साधं पाणी दे." कोणावर रागावल्या नाहीत. साडू मात्र माझ्यावर चिडले. "सांगायची काय गरज होती? थेंबभर तर होतं. त्यांना कळलंही नसतं." हा वाद अजून मिटलेला नाही. दर गणपतीत, दर बारशाला कोणीतरी तो काढतं, आणि घरातले निम्मे लोक म्हणतात की मी म्हाताऱ्या बाईचा दिवस खराब केला.

मी आजही तेच करेन. जे माणूस साठ-सत्तर वर्षं निश्चयानं खात नाही, ते त्याला नकळत पाजायचं आणि वर 'कळलं नसतं' म्हणायचं, हा पाहुणचार नव्हे. न सांगता गप्प बसलो असतो तर दुसरा ग्लासही त्यांनी घेतला असता.

साडूंचा दुसरा मुद्दा असा की वूस्टरशरशिवाय ती ब्लडी मेरीच नाही. हेही चूक. हे पेय ज्याच्या नावावर सांगतात तो बारटेंडर फर्नां पेतियो पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारमध्ये होता. पुढे 1934 पासून तो न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात काम करू लागला, आणि तिथे हिला 'रेड स्नॅपर' म्हणत. त्याचंच म्हणणं होतं की आधी यात वोडका आणि टोमॅटोचा रस एवढंच होतं, मीठ-मिरी-वूस्टरशर त्यानं घातलं. म्हणजे सॉसच्या आधीही पेय होतंच. बदली चव करणं अवघड नाही. मूळ सॉसमध्ये चिंच असतेच, तेव्हा ग्लासमागे एक चमचा चिंचेचा कोळ, एक चमचा सोया सॉस, अर्धा चमचा व्हिनेगर, चिमूटभर गूळ आणि लवंगेची पूड. मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांसाठी हेच वापरतो आणि मांसाहारी पाहुणेही दुसरा ग्लास मागतात.

आता कृती. रस डब्यातला चालतो. घरी काढायचा असेल तर कच्चे टोमॅटो वाटू नका. कापल्या-वाटल्यावर त्यातले एन्झाइम पेक्टिन, म्हणजे रसाला दाटपणा देणारा घटक, मोडतात आणि रस फुटतो, पाणी वेगळं होतं. सारासाठी करतो तसे आधी उकडा, मग वाटून गाळा; उष्णतेनं ते एन्झाइम मरतात आणि रस दाट राहतो. साडूंच्या जगमधलं मिश्रण फुटलं त्यात बर्फाइतकाच कच्च्या टोमॅटोंचा वाटा होता.

एका ग्लासचा 180 मिली रस घ्या. त्यातले 120 मिली आदल्या रात्री ट्रेमध्ये गोठवा, 60 फ्रिजमध्ये ठेवा. वोडकाची बाटली फ्रीजरमध्ये. उणे 18 अंशांत ती गोठत नाही. ब्लेंडरमध्ये आधी पातळ सगळं: 60 मिली वोडका, गार रस, 15 मिली लिंबाचा रस, वरचं चिंचेचं मिश्रण, मिरी, सेलरी सॉल्ट (सेलरीच्या बियांची पूड घातलेलं मीठ), तिखट सॉसचे चार-पाच थेंब. मग खडे टाकून थांबत थांबत फिरवा, एकूण अर्धा-पाऊण मिनिट. जास्त फिरवलंत तर घर्षणानं वितळतं. मीठ-आंबट नेहमीपेक्षा जरा चढं ठेवा, कारण गारठ्यानं जिभेला चव कमी लागते. हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ, किसून वापरतात) मिळालं तर अर्धा चमचा अगदी शेवटी, त्याचा झणका ठेवल्यावर उतरतो. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

आठजणांसाठी आठपट करा, पण ब्लेंडरमध्ये एका वेळी दोन-तीन ग्लासच. आपल्या घरगुती मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात गोठलेले खडे कोरडे फिरवू नका, पातं जातं.

आदल्या रात्रीच तयार करून ठेवता येईल का, हे तुम्ही विचारलंय. वोडका घातलेलं मिश्रण जाड पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवता येतं. सकाळी दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून हातानं चुरा. ताज्याइतकं मऊ होत नाही, पण चालतं. वोडका नसलेलं मात्र दगड होतं, ते आयत्या वेळीच फिरवा. आणि गारठ्यामुळे दारूचा चटका लागत नाही, लोक भरभर पितात. कोण गाडी चालवणार आहे ते पहिल्या ग्लासाआधी विचारून घ्या.

त्या दोघा शाकाहारी पाहुण्यांनाही आजच फोन करून विचारा, ते नेमकं काय खात नाहीत. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, तोही कोणाला चालत नसेल. वूस्टरशर हवाच असेल तर जगमध्ये घालू नका. बाटली टेबलावर ठेवा, लेबल समोर करून, आणि ज्याला हवा त्याला आपल्या ग्लासात घालून घेऊ द्या.