शिकागोच्या साउथ साइडवर लोकसंघटक व्हायचे आहे: एका पालकांच्या पत्रास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण शिकागोजवळ नेपरव्हिल येथे राहता आणि आपली कन्या इलिनॉयमधील एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने शिकागोच्या दक्षिण भागातील, म्हणजे साउथ साइडवरील एका संस्थेत कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलांबरोबर काम केले आणि आता पदवी सोडून तेथेच पूर्ण वेळ संघटक म्हणून रुजू होण्याचा तिचा विचार आहे, असे आपण कळवले आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजून पोट भरेल का, ती तेथे सुरक्षित राहील का आणि ‘त्या वस्तीतल्या बिघडलेल्या मुलांना’ एका मराठी मुलीचा काय उपयोग, असे आपले तीन प्रश्न आहेत.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे बरेच अवलंबून आहे. ही मुले धोक्यात आहेत हे खरे. पण त्या धोक्याचा उगम मुलांच्या स्वभावात शोधणे योग्य नाही. कृष्णवर्णीय वस्त्यांना गृहकर्ज नाकारण्याची पद्धत १९३० च्या दशकापासून अनेक वर्षे चालली. १९८० साली ‘विस्कॉन्सिन स्टील’ बंद झाल्यापासून त्या भागातील पोलाद कारखान्यांची कामे झपाट्याने गेली, आणि २०१३ मध्ये शहराने सुमारे ५० सरकारी शाळा एकाच वेळी बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याची सर्वाधिक झळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना लागली. मुलांना उपदेश करणे हे संघटकाचे काम नव्हे. शाळा, रोजगार, दवाखाना यांविषयीचे निर्णय जेथे होतात, तेथे ही मुले आणि त्यांचे पालक एकत्र येऊन पोहोचतील आणि त्यांचे म्हणणे टाळता येणार नाही, अशी व्यवस्था उभी करणे हे त्याचे काम आहे.

याचे उत्तम उदाहरण त्याच भागातील वुडलॉन वस्तीत सापडते. शेजारच्या शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाने प्रौढांसाठीचे अपघात व गंभीर जखमांवरील उपचार केंद्र १९८८ मध्ये बंद केले होते. २०१० मध्ये वुडलॉनमध्ये गोळी लागलेल्या एका अठरा वर्षांच्या तरुणाला त्यामुळे कित्येक मैल दूर, शहराच्या मध्यभागी असलेल्या रुग्णालयात न्यावे लागले आणि तेथे त्याचा मृत्यू झाला. तो स्वतः ‘फिअरलेस लीडिंग बाय द यूथ’ या तरुणांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होता. त्याच्या सहकाऱ्यांनी केंद्र पुन्हा सुरू करण्याची मागणी लावून धरली. निदर्शने झाली, अटका झाल्या, डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी आणि चर्चमधील मंडळी त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि ‘हे व्यवहार्य नाही’ असे सांगणाऱ्या संस्थेला २०१५ मध्ये आपली भूमिका बदलावी लागली. मे २०१८ मध्ये केंद्र सुरू झाले. आपण ज्यांना बिघडलेली म्हणता, त्याच वयाच्या आणि त्याच वस्तीतल्या मुलांनी देशातील एका अत्यंत श्रीमंत विद्यापीठाला हे करायला लावले, याची नोंद आपण घ्यावी अशी माझी विनंती आहे.

आता यात बाहेरच्या माणसाला जागा कोठे असते? याच वुडलॉनमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी लोकसंघटनाच्या कामाचे प्रवर्तक सॉल अलिन्स्की यांच्या मदतीने ‘द वुडलॉन ऑर्गनायझेशन’ उभी राहिली, तेव्हा अलिन्स्की आणि त्यांचे प्रमुख संघटक निकोलस फॉन हॉफमन हे दोघेही गोरे आणि बाहेरचे होते; परंतु संघटनेचे नेतृत्व आर्थर ब्रेझियर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांकडे होते. जे काम लोक स्वतः करू शकतात ते त्यांच्यासाठी कधीही करू नये, हा अलिन्स्की यांच्या परंपरेतील कडक नियम आहे. बराक ओबामा १९८५ मध्ये रोझलँड आणि ऑल्टगेल्ड गार्डन्स परिसरात संघटक म्हणून आले, त्याच्या सहा वर्षे आधीच हेझल जॉन्सन या तेथील रहिवासी बाईंनी आपली संघटना स्थापन केली होती; पुढे प्रसिद्धी कोणाच्या वाट्याला अधिक आली, हे सांगायला नको. आपल्या कन्येला मागे उभे राहून काम करणे, सभेच्या आधी घरोघर जाऊन एकेका व्यक्तीशी तासभर बोलणे आणि सभेत मात्र स्वतः गप्प बसणे जमत असेल, तर तिचा तेथे उपयोग आहे. ते जमत नसेल, तर तिचा कळवळा कितीही खरा असला तरी हा व्यवसाय तिचा नव्हे.

(जाता जाता एक गोष्ट. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले, त्यांनी नागपाड्यात नेबरहूड हाउस चालवले आणि १९३६ मध्ये सुरू झालेल्या, आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे ते पहिले संचालक झाले. त्यामुळे मराठी माणसाला हे क्षेत्र सर्वस्वी परके आहे असे मानण्याचे कारण नाही.)

पदवी अर्धवट सोडण्यास माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ पोटापाण्याच्या काळजीने नाही. तिचे संख्याशास्त्र या कामात फार मोलाचे ठरेल. २०१२ च्या उन्हाळ्यात शिकागोतील हिंसाग्रस्त भागांतील १३ शाळांमधील १,६३४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या काहींना आठ आठवड्यांचे किमान वेतनाचे काम देण्यात आले, बाकीच्यांना नाही. पुढील सोळा महिन्यांत काम मिळालेल्या गटात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी आढळल्या. उन्हाळी रोजगाराच्या जागा वाढवून मागताना असा पुरावा वाचता येणारे आणि तो आजीबाईंपासून नगरसेवकापर्यंत कोणालाही समजावून सांगता येणारे माणूस संघटनेत असावे लागते. शाळांचे अंदाजपत्रक, तसेच विकासक्षेत्रातील मालमत्ताकराची वाढीव रक्कम त्याच क्षेत्रासाठी वेगळी काढून ठेवणारी शिकागोची किचकट व्यवस्था, यांतील आकडे उलगडणाऱ्यांची तर नेहमीच वानवा असते.

मात्र पदवीनंतर लगेच कर्ज काढून एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला जाऊ नये. शिकागो विद्यापीठाची क्राउन शाळा आणि इलिनॉय विद्यापीठाचे जेन ॲडम्स महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे उत्तम आहेत. परंतु परवाना लागतो तो समुपदेशन व मानसोपचाराच्या कामाला, संघटनाला नव्हे. आधी दोन वर्षे एखाद्या अनुभवी, शक्यतो त्याच वस्तीतल्या संघटकाच्या हाताखाली पगारी काम करावे आणि मग ठरवावे.

उत्पन्नाविषयी आपल्याला अंधारात ठेवत नाही. अमेरिकेच्या कामगार खात्यानुसार २०२३ मध्ये पगारी समाजकार्य करणाऱ्यांचे (सोशल वर्कर) मध्यक वार्षिक वेतन सुमारे ५८ हजार डॉलर होते. सॉफ्टवेअर क्षेत्रातील त्याच्या दुपटीहून अधिक आहे. नवोदित संघटकाला बहुधा याहूनही कमी मिळते आणि अनुदान संपले की जागाही जाते. केंद्रीय शैक्षणिक कर्ज असल्यास पात्र ना-नफा संस्थेत काम करत १२० हप्ते भरल्यावर उर्वरित कर्ज माफ होण्याची योजना आहे. तिचे नियम बदलत असल्याने चालू नियम पाहूनच हिशेब मांडावा. भारतातून शिकायला जाणाऱ्यांसाठी परिस्थिती अधिक कठीण आहे, कारण समाजकार्याच्या पदवीनंतर कामाची मुभा साधारणतः एकच वर्ष असते.

सुरक्षिततेची आपली काळजी मी हसण्यावारी नेत नाही. टोळ्यांमधील भांडणे रस्त्यावर जाऊन मिटवण्याचे काम वेगळे असते. ते त्याच वस्तीत वाढलेली, त्या आयुष्यातून गेलेली माणसे करतात आणि तिने ते मागूही नये. संघटकाचा दिवस मुख्यतः शाळा, चर्च, ग्रंथालय आणि लोकांची घरे येथे जातो. संध्याकाळच्या गृहभेटींना दोघांनी मिळून जाण्याची पद्धत आहे का, जाण्यायेण्याची सोय कोण करते, आणि वस्तीत काही घडल्यास भेटी थांबवण्याचा निर्णय कोणाचा असतो, हे तिने नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारावे. त्याच बैठकीत संस्थेच्या संचालक मंडळावर वस्तीतले किती जण आहेत आणि त्यांत पंचविशीच्या आतले कोणी आहे का, हेही विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर तिने दुसरी संस्था शोधावी.