वाचकांचे प्रश्न : ग्रिपरवरचा आकडा आणि हाताला लागणारा जोर

प्रश्न : मी डिचोलीचा रहिवासी असून पॉवरलिफ्टिंगचा सराव करतो. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरून वजन उचलताना, पाठीच्या आधी पकड सुटते, म्हणून हँड ग्रिपर, म्हणजे मुठीत दाबायची दोन दांड्यांची स्प्रिंगची साधने, आणले. ताण बदलण्याची फिरकी असलेला प्लॅस्टिकचा ग्रिपर ६० किलोंवर ठेवूनही मी सहज दाबतो. मात्र ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’चा १४० पौंडांचा, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलोंचा, स्टीलचा ग्रिपर जेमतेम दाबला जातो आणि त्याच मालिकेतील १९५ पौंडांचा तर बोटभर अंतर राहिले की अडतो. दोन्हींच्या मधला ताण मिळावा म्हणून मोठ्या ग्रिपरची स्प्रिंग तापवून सैल करावी, असे एका मित्राने सुचवले. तसे करावे काय?

उत्तर : स्प्रिंग मुळीच तापवू नये. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात विशिष्ट तापमानावर गुण आणलेला असतो. गॅसच्या ज्योतीवर तो कुठे जातो, कुठे राहतो आणि मग अशी स्प्रिंग तुमच्या बोटांपासून दोन इंचांवर भरताणात तुटू शकते. कापणे, वाकवणे किंवा घासणे हे प्रकारही याच कारणाने वर्ज्य समजावेत.

आता आकड्यांकडे वळू, कारण तुमचा खरा घोटाळा तेथे आहे. ग्रिपरवर छापलेला आकडा म्हणजे तराजूवरचे वजन नव्हे. स्प्रिंग पीळ देते आणि त्या पिळाविरुद्ध बोटांना किती जोर लावावा लागतो, हे बोटे वेटोळ्यापासून किती अंतरावर आहेत त्यावर ठरते. प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने मोजतो, त्यामुळे एका कंपनीचे ६० किलो आणि दुसरीचे १४० पौंड यांची तुलनाच होत नाही. दांडीच्या टोकाला वजन टांगून मोजले, तर तुमचा १४० पौंडांचा ग्रिपर साधारण ८० पौंडांच्या, म्हणजे ३६ किलोंच्या आसपास भरेल. त्यावरून कंपनीने फसवले असे मात्र समजू नये. एकाच क्रमांकाचे दोन नगही अगदी सारखे नसतात, कारण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि तार पाच टक्के जाड निघाली, तरी ताण एकवीस टक्क्यांनी चढतो.

म्हणून आपले ग्रिपर आपणच मोजावेत. एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यातील व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरणाऱ्या पकडीत, लाकडाचे तुकडे लावून, एक दांडी आडवी पकडावी. दुसरी तिच्या वर येईल. वरच्या दांडीवर, टोकाजवळ खूण करून, नायलॉनचा पट्टा अडकवावा आणि तो खालच्या दांडीच्या दोन्ही बाजूंनी सुटा लोंबू द्यावा. पट्ट्याला जिममधल्या प्लेट आणि एक रिकामी बालदी टांगावी, प्लेटने अंदाजाजवळ आले की बालदीत पाणी ओतत जावे आणि दांड्या टेकल्या की थांबावे. लिटरमागे एक किलो, शिवाय प्लेट, बालदी आणि पट्टा यांचे वजन धरले की तुमचा आकडा मिळतो. वजन जमिनीपासून चार बोटेच उंच ठेवावे आणि पाय खाली घालू नये. प्लॅस्टिकच्या ग्रिपरवरही फिरकीच्या प्रत्येक जागेसाठी हाच प्रयोग करावा. छापलेल्या खुणा समान अंतरावर असल्या, तरी ताण समान टप्प्यांनी वाढतोच असे नाही, कारण फिरकीने स्प्रिंगची जागा आणि तिचा सुरुवातीचा ताण दोन्ही बदलतात.

मधला टप्पा स्प्रिंगला हात न लावता मिळतो. वेटोळ्यापासून १० सेंमीवर ३६ किलो लागत असतील, तर ९ सेंमीवर ४० लागतील. म्हणजे लहान ग्रिपरवर हात एक सेंटिमीटर वर सरकवला की चार किलोंची चढण तयार होते. दांडीवर मार्करची बारीक रेघ ओढून ठेवावी, नाहीतर थकलेला हात नकळत खाली घसरतो आणि वहीत खोटी प्रगती नोंदली जाते.

मोठ्या ग्रिपरसाठी काहीजण दांड्यांभोवती होज क्लॅम्प, म्हणजे नळीवर आवळायची धातूची पट्टी, आवळून त्यांची उघडीप कमी करतात. ही युक्ती चांगली आहे, परंतु तिने शेवटचा ताण तसूभरही कमी होत नाही. बोटे पूर्ण पसरलेली असताना जी सुरुवात जड जाते, तेवढीच वाचते. पंजा लहान असेल तर ती अवश्य वापरावी. या मालिकेच्या तिसऱ्या क्रमांकाच्या, २८० पौंडांच्या ग्रिपरच्या अधिकृत चाचणीतही दांड्यांच्या टोकांत क्रेडिट कार्डाच्या रुंदीइतके, म्हणजे ५४ मिलिमीटरांचे अंतर ठेवून सुरुवात करायला मुभा आहे. रबर बँड गुंडाळण्याचा उपाय मात्र मला पटत नाही: ते सुरुवातीला मदत करतात आणि शेवटी, म्हणजे तुम्ही अडता नेमके तेथे, ढिले पडतात. त्यापेक्षा १९५चा ग्रिपर दोन्ही हातांनी मिटवून एका हाताने काही सेकंद धरून ठेवावा. खर्चाची तयारी असेल, तर त्याच मालिकेत १६७.५ पौंडांचा, दीड क्रमांकाचा ग्रिपर मिळतो आणि सर्वांत सरळ मार्ग तोच आहे.

हा जोराचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. स्नायूंपेक्षा स्नायुबंध सावकाश तयार होतात. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले, तर थांबावे.

प्रश्न : माझा स्टीलचा ग्रिपर पावसाळ्यापासून करकरतो आणि वेटोळ्यावर गंजाचे ठिपके दिसतात. खोबरेल लावू काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब वेटोळ्यांच्या फटीत सोडावा, ग्रिपर आठ-दहा वेळा दाबावा आणि बाहेर आलेले तेल दांड्यांवर पोहोचण्यापूर्वी पुसून घ्यावे. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत घामाचे मीठ तसेच राहिले की गंज लवकर धरतो, तेव्हा वापरानंतर कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय ठेवावी. तेल दिल्यावर वेटोळ्यांमधील घर्षण घटून ग्रिपर किंचित हलका लागतो. वर सांगितल्याप्रमाणे मोजून ठेवलेला आकडा असेल, तर तो नव्याने मोजावा.